ड्रॉबारचा डावा जोड

पांढऱ्या थरातून लाल रेघ वर यायला चार मिनिटं लागली. आधी टाचणीच्या टोकाएवढे दोन ठिपके आले, मग त्यांना जोडणारी केसासारखी रेष, आणि बघता बघता ती माझ्या बोटाएवढी लांब झाली.

"अण्णांना बोलवा," मी म्हणाले.

ऑगस्ट महिना होता, सकाळचे साडेनऊ वाजले होते. कोल्हापूरजवळच्या एका लहानशा कारखान्यात मी तपासणीचं काम करत होते. आम्ही बुटके, जड ट्रेलर बनवायचो. रस्त्याच्या नाहीतर पाइपलाइनच्या कामावर छोटी खोदाई यंत्रं आणि रोलर न्यायला ते ट्रॅक्टरमागे जोडतात. सांगाडा आधी उलटा ठेवून जोडायचा म्हणजे वेल्डरला हात वर करून काम करावं लागत नाही, आणि मग क्रेनने सुलटा करून चाकं लावायची, अशी आमची पद्धत.

समोर बारा नंबरचा सांगाडा अजून उलटाच होता. ड्रॉबार म्हणजे ट्रॅक्टरला अडकवायचा पुढचा दांडा. तो जिथे चासीला मिळतो तिथे डाव्या बाजूला रंग जरा फुगलेला दिसला. नखाने खरवडला तर खालून लांबी निघाली, मोटारींचे पोचे भरायला वापरतात ती. मी ती घासून काढली, तडा शोधायचं लाल औषध फवारून पुसलं आणि वर पांढरं फवारलं. तडा असेल तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो.

अण्णा चौगुले, आमचे मालक, धावतच आले. ती रेघ बघायला ते वाकले.

"कुणी मारलाय हा जोड?"

"तो कंत्राटी वेल्डर. चाचा गावाला गेले होते तेव्हा."

यासीनचाचा जमादार आमचे सर्वांत जुने वेल्डर. बाजारभोगावकडे त्यांच्या घराची भिंत पावसात पडली म्हणून चार दिवस रजेवर होते, त्याच सकाळी नऊला परत आले होते. ते माझ्या मागेच उभे होते.

"आणि अकरा नंबर?" चाचांनी विचारलं.

अकरा नंबरचा ड्रॉबार त्याच माणसाने त्याच चार दिवसांत जोडला होता. तो ट्रेलर सकाळी सात वाजता बाहेर पडला होता. करूळ घाटात दरड आली होती आणि ती काढायला एक खोदाई मशीन तातडीने हवं होतं. तीन टनांचं मशीन आमच्याच अंगणात ट्रेलरवर चढवलं, मी स्वतः साखळ्या ओढून बघितल्या होत्या.

"तो तू काल तपासलास ना, वृषाली?" अण्णा म्हणाले.

"हो."

"खालून बघितलास?"

"हो, अण्णा."

अण्णांनी सुटकेचा श्वास सोडला. "मग तो ठीक असेल. तुझ्या नजरेतून सुटायचं नाही." आणि खरंच तशीच माझी ख्याती होती. दोन वर्षांत माझ्या सहीने अकरा ट्रेलर गेले होते आणि एकाचीही तक्रार नव्हती.

"तरी थांबवायला पाहिजे," मी म्हणाले. "अण्णा, तो आत्ताच्या आत्ता थांबवायला पाहिजे."

अण्णांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं, पण फोन लावला. ट्रॅक्टरवाला तानाजी डवरी. फोन लागेना. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, लागेना. गगनबावड्याकडे तेव्हा रेंजचं काही खरं नसायचं.

"पिकअपची किल्ली द्या," चाचा म्हणाले. "लाकडी ठोकळे टाका मागं. जॅक टाका. पहार टाका. चला मॅडम."

*

रस्त्याला पाऊस नव्हता, नुसती चिकचिक होती. चाचा गाडी जोरात चालवत नसत, पण त्या दिवशी काटा ऐंशीच्या खाली आला नाही. मी मनात हिशोब करत होते. ट्रॅक्टर ताशी अठरा किलोमीटर. सातला निघाला. कळे मागे पडलं असेल, असळजसुद्धा गेलं असेल. चहाला थांबला तर दहा मिनिटं. चहाला थांब रे बाबा, दोनदा थांब.

"सपाटीला काही होत नाही," चाचा म्हणाले. त्यांनी माझे हात बघितले असावेत, मी ते मांड्यांखाली दाबून ठेवले होते. "सपाटीला ट्रॅक्टर ओढतो आणि ट्रेलर मागनं येतो. उताराला उलटं. ट्रेलर ढकलतो, ट्रॅक्टर धरून ठेवतो. सगळा जोर त्या दांड्यावर."

"माहीत आहे."

"तो जोड कसा दिसला काल?"

"ठीक होता."

"हं," चाचा म्हणाले. त्यांनी पाय अजून दाबला.

गगनबावड्यात शिरलो तेव्हा धुकं एवढं दाट होतं की बाजारपेठेतली दुकानं दिव्यांवरून ओळखावी लागत होती. नाक्यावर चहाची टपरी होती. मी काच खाली केली.

"पिवळं मशीन घेऊन ट्रॅक्टर गेला का हो?"

"करूळाकडं ना? दहा-पंधरा मिनिटं झाली. चहा पिऊन गेला." चहावाल्याने कपडा खांद्यावर टाकला. "तुम्हाला न्हाई सोडायचे हं. घाट बंद हाय. खाली बावीस माणसं घमेली-फावडी घेऊन बसल्यात मशीनची वाट बघत. रस्त्यावरच बसल्यात."

चाचांनी गिअर टाकला.

घाटाच्या तोंडाशी एक पिंप आडवं ठेवलं होतं. मी उतरून ते ढकललं आणि परत बसले. उतार सुरू झाला. पुढचं दहा फुटांपलीकडे काही दिसेना. डावीकडे डोंगराची ओली भिंत, उजवीकडे पांढरं. त्या पांढऱ्याखाली दरी होती आणि कुठेतरी खाली, वळणांच्या पलीकडे, रस्त्यावर बसलेली बावीस माणसं.

तिसऱ्या वळणावर ट्रॅक्टरचा आवाज आला. मग धुक्यातून आधी एक पिवळी पाठ दिसली, मग आमच्या ट्रेलरचा फाळका, त्यावर पांढऱ्या रंगात काढलेला अकरा.

मी हॉर्नकडे हात नेला. चाचांनी माझा हात झटकला.

"हॉर्न नाही! तो दचकून ब्रेक मारेल. मग तीन टन त्याच्या पाठीत जातील."

"मग काय करायचं?"

"बाजूला घेतो. तुम्ही बोला. शांतपणे बोला, बाजारात भेटल्यासारखं."

रस्ता कसाबसा दोन गाड्यांचा. चाचांनी पिकअप उजवीकडे घातली, दरीच्या अंगाने. कठड्याचे दगड इतके जवळून जात होते की चाचांनी हात बाहेर काढला असता तर लागले असते. मी डावीकडे बसले होते आणि ट्रेलर माझ्या काचेपासून हातभर अंतरावर होता. आम्ही हळूहळू पुढे सरकलो. चाक दिसलं. मग ड्रॉबार दिसला.

डावा जोड पलीकडे होता, तो मला दिसणार नव्हता. पण उजवा दिसला. तिथे रंगाला सुरकुत्या पडल्या होत्या, ओला कपडा पिळल्यासारख्या. ड्रॉबार एका बाजूने दबत होता. प्रत्येक खड्ड्याला तो किंचित, अगदी किंचित, वाकडा होत होता.

"तानाजीभाऊ," मी हाक मारली.

त्याने मान वळवली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, तोंडात मावा. आम्हाला बघून हसला. "म्याडम? तुम्ही हितं कुटं?"

"तानाजीभाऊ, ऐका. ब्रेक मारू नका. थांबायचंय, पण ब्रेक मारू नका."

"आँ? थांबायचं म्हंता आन् ब्रेक मारू नगं म्हंता?"

"दांड्याचा जोड तुटायला लागलाय."

त्याचं हसू गेलं. त्याने मागे वळून बघितलं, आणि मी त्याचा पाय ब्रेककडे जाताना बघितला. मी किंचाळले असेन बहुतेक. चाचा माझ्या अंगावरून ओरडले, "तान्या! पाय काढ! गिअर खाली घे. डोंगराच्या गटारात घाल डावं चाक. हळू. हळू. माती धरंल त्याला."

तानाजीने पाय काढला. एक गिअर, मग दुसरा. इंजिन गुरगुरलं. ट्रेलर त्याच्या पाठीत ढुसण्या देत होता आणि प्रत्येक ढुसणीला खालून लोखंडाचा कुरकुरणारा आवाज येत होता. मग ट्रॅक्टरचं डावं चाक गटारात उतरलं, पाठोपाठ ट्रेलरचं उतरलं, चिखल उडाला, आणि सगळी रांग डोंगराच्या भिंतीला खेटून एकदाची थांबली.

तानाजी उडी मारून खाली आला आणि रस्त्यातच मटकन बसला.

*

"बसू नको," चाचा म्हणाले. "दगड आण. मोठे. सगळ्या चाकांच्या पुढं लाव. इंजिन बंद, गिअरमध्ये ठेव."

दगड लागले. घाट एकदम शांत झाला. फक्त भिंतीवरून पाणी टपकत होतं.

"आता मशीन उतरवू," तानाजी म्हणाला. "मी मागं घेतो, उतरून जातंय रॅम्पवरनं. हलकं झालं म्हंजे मिटलं."

"मिटलं कसं? मशीन मागं सरकलं की ट्रेलरचं पुढचं तोंड वर उचलणार. जोड आत्ता दाबाखाली आहे म्हणून टिकलाय, उलटा ताण आला तर जाईल. तू वर असताना जाईल. आधी मागं आणि पुढं, दोन्हीकडं ठोकळे भरायचे. मागचे बाहेरून सरकवता येतील. पुढचे..." चाचा थांबले.

पुढचे आत शिरूनच लावायला लागणार होते. पुढचा आडवा पट्टा आतल्या बाजूला होता आणि गटारामुळे ट्रेलर एका अंगाला झुकला होता. खाली जेमतेम दीड फूट जागा होती. आणि ठोकळे लागायच्या आत जोड गेला तर ते सगळं पुढचं तोंड, वरच्या मशीनसकट, सरळ खाली बसणार होतं.

तानाजी मागचे ठोकळे घेऊन गेला. चाचांनी गोणपाट अंथरलं आणि एक गुडघा टेकला. चाचा तेव्हा साठीला आले होते, गुडघा टेकताना तोंडातून आवाज निघायचा. दुसरा गुडघा टेकला. बॅटरी दातात धरली.

मी बघत उभी होते. आणि खरं सांगते, मी त्यांना जाऊ देणार होते. ते वाकून आत डोकं घालेपर्यंत मी काही बोलले नाही.

"चाचा. थांबा."

त्यांनी मान वळवली.

"मी जाते. मी काल खाली गेलेच नव्हते."

बॅटरी त्यांनी दातांतून काढली.

"काल नाही, आणि कधीच नाही. एकाही ट्रेलरखाली नाही. बाहेर बसून बॅटरी मारायची आणि सही करायची. अठ्ठावीस रकाने आहेत कागदावर, शेवटचे सहा मी कधी बघितलेच नाहीत. मला खाली जाता येत नाही, चाचा. मी... मला जमत नाही."

मी आठ वर्षांची होते तेव्हा साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या ट्रॉलीखाली सावलीला झोपले होते. माझी चुलतबहीण शालन शेजारी होती. वडील वजनकाट्याच्या रांगेत होते. रांग पुढे सरकली, कुणी खाली बघितलं नाही. मी लोळण घेतली. शालनचा पाय राहिला. तो पुढे गुडघ्यापासून काढावा लागला. नोकरीच्या मुलाखतीत अण्णांनी विचारलं होतं, गाडीखाली शिरायला लागतं, चालेल ना? मी म्हणाले होते, चालेल की.

हे मी चाचांना तेव्हा सांगितलं नाही, तेवढा वेळच नव्हता. पण त्यांनी काही विचारलंही नाही, की आश्चर्यही दाखवलं नाही. फक्त हळूच गुडघे सरळ केले आणि बॅटरी माझ्या हातात दिली.

"उजव्या अंगानं शिरा. तिकडं जागा जास्त आहे. पाठीवर. ठोकळा आधी पुढं ढकलायचा, मग आपण. डोकं कधी पट्ट्याखाली ठेवायचं नाही."

मी आडवी झाले. रस्त्याचं पाणी कपड्यांतून पाठीला लागलं. डोळे मिटून मी स्वतःला आत ढकललं. एक वीत. अजून एक वीत. डोळे उघडले तेव्हा लोखंड नाकापासून चार बोटांवर होतं. ग्रीसचा, ओल्या रंगाचा वास. छातीत हवाच जाईना. मला वाटलं, मी मेले, आत्ताच, काही न पडताच मेले.

"पहिला ठोकळा," बाहेरून चाचांचा आवाज आला.

मी तो ढकलला. आडव्या पट्ट्याखाली बसला. दुसरा त्याच्यावर. त्यावर पाचर. हातोडीला जागा नव्हती, तळहाताने ठोकली. मग उजवीकडचे झाले, डावीकडचे राहिले. त्यासाठी अजून आत सरकायला हवं होतं. मी सरकले. खालचा ठोकळा लावला, वरचा लावला.

आणि डोक्यावर 'टक्' असा आवाज झाला.

मोठा नव्हता. सुपारी फोडल्यासारखा. मग सगळं ट्रेलरचं तोंड बोटभर खाली आलं आणि ठोकळ्यांवर बसलं. चिखल पचकन माझ्या तोंडावर उडाला.

मी बाहेर पडायला मान उचलली, तर मान उचलेना. कुणीतरी मागून केस धरले होते. काही क्षण मला काय झालंय तेच कळलं नाही. मग कळलं. माझी वेणी डाव्या ठोकळ्याखाली गेली होती, आणि त्या ठोकळ्यावर आता मशीनसकट ट्रेलरचं तोंड बसलं होतं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. शालनचं नाव घेतलं असं तानाजीने नंतर सांगितलं.

"पोरी!" चाचा बाहेर पालथे पडले होते, त्यांचा अर्धा चेहरा मला दिसत होता. दोन वर्षं ते मला मॅडम म्हणत होते. "पोरी, हलू नको. ठोकळे बसलेत. आता ते पडत नाही. तान्या, जॅक आण. वेणीच आहे ना? डोकं नाही ना?"

"वेणी."

"मग झालं. जॅक लावतो, बोटभर उचलतो, वेणी ओढून घे."

जॅक लागला. दांडा हलायला लागला. लोखंड किंचित उचललं गेलं, आणि मग जॅक ओल्या डांबरावरून सटकला. सगळं पुन्हा खाली बसलं. माझ्या टाळूला असा हिसका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"चाचा, मला काढा. चाचा, मला काढा, पाया पडते."

"काढतो. खाली फळी घालून परत लावतो. दोन मिनिटं लागतील." त्यांचा श्वास लागला होता. "तोवर एक काम कर. बॅटरी आहे हातात?"

"आहे."

"वर मार. डावा जोड दिसतो?"

"नाही. नको."

"मार. काय दिसतं ते सांग मला. कागद समोर आहे असं समज. मी लिहून घेतो."

मी बॅटरी वर केली. उजेड सगळीकडे नाचत होता. दुसऱ्या हाताने मनगट धरलं. उजेड थांबला.

"सांग."

"ड्रॉबार. डावा जोड." माझा आवाज भांड्यात बोलल्यासारखा येत होता. "तडा आहे. आरपार. साधारण... साडेचार इंच. वरच्या कोपऱ्यातून सुरू होतो."

"उरलेला जोड?"

"दीड इंच. तो धरून आहे."

"रंग?"

"रंगाखाली लांबी. तुकडे पडलेत. वेल्डिंग आत पोचलेलंच नाही. नुसतं वर थापलंय. कडेला खाच आहे. आतल्या पत्र्याची कड जशीच्या तशी दिसते, वितळलेलीच नाही."

"उजवा जोड?"

"सरकू शकत नाही."

"इथूनच बघ."

"रंगाला सुरकुत्या. तडा... तडा दिसत नाही. जोड नीट आत गेलेला आहे."

"आडवा पट्टा?"

मी सांगत गेले. पट्टा, आसाचे पट्टे, त्यांचे बोल्ट, वायरची नळी. सहाही रकाने. श्वास कधी परत यायला लागला ते मला कळलं नाही. भीती गेली नव्हती. ती छातीवर बसूनच होती, पण मला आता बोलता येत होतं.

"ओढ!" चाचा ओरडले.

मी वेणी ओढली. ती चिखलात माखून बाहेर आली. मागोमाग मी आले, कशी ते माहीत नाही. तानाजीने पाय धरून ओढलं म्हणे. मी डोंगराच्या भिंतीला टेकून बसले आणि ओकले.

तेवढ्यात खालच्या अंगाने धुक्यातून माणसं वर यायला लागली. एक, दोन, मग रांगच. डोक्यावर घोंगड्या, प्लॅस्टिकचे कागद, हातात फावडी. पुढच्या म्हाताऱ्याने विचारलं, "का वं? मशीन हितंच का हुबं केलंया? आमी खाली बगा, ह्या फुडच्या वळणालाच बसलोय कवाधरनं."

तानाजीने मान खाली घातली.

मशीन मागे सरकलं तेव्हा ट्रेलर कण्हला, पण ठोकळ्यांनी धरून ठेवलं. ते आपल्या साखळीपट्ट्यांवर चालत घाट उतरून गेलं आणि दुपारी तीनपर्यंत दरड निघाली.

*

संध्याकाळी मी अण्णांना सगळं सांगितलं. हातातली फाईल त्यांनी भिंतीवर फेकली.

"नोकरी सोडून जाणं सोपं आहे तुला," ते म्हणाले. "ते मी करू देणार नाही. अकरा नंबरच्या आधी गेलेले दहाच्या दहा ट्रेलर बघून यायचे. खालून. एकेक. मग तुझं काय करायचं ते बघू."

अकरा नंबर लॉरीवर घालून परत आणला. डावा जोड पार घासून निखळ लोखंडापर्यंत नेला, कडा तिरप्या कापल्या, चाचांनी तीन थरांत भरला आणि दोन्ही बाजूंनी आधाराच्या पट्ट्या मारल्या. पांढरं औषध फवारून आम्ही अर्धा तास बघत बसलो. पांढरं पांढरंच राहिलं. बारा नंबरचंही तसंच केलं. त्या कंत्राटी वेल्डरला बोलावलं तर तो म्हणाला, मला एवढ्या जाड पत्र्याचं काम येत नव्हतं, सांगायला भीती वाटली. मला त्याच्यावर ओरडता आलं नाही.

मग आम्ही दोघं पिकअप घेऊन निघालो. पहिला ट्रेलर गडहिंग्लजला एका पाइपलाइनवाल्याकडे होता. मी बाहेर दहा मिनिटं नुसती उभी राहिले. मग शिरले. डावा जोड चांगला होता, उजवाही. आणि त्यांच्या मधोमध, फक्त पाठीवर झोपलेल्या माणसालाच दिसेल अशा जागी, पिवळ्या तेलखडूने एक बारीकशी बरोबरची खूण केली होती.

मला वाटलं, कुणीतरी गंमत केली असेल.

दुसरा निपाणीला. तिथेही तीच खूण, तीच जागा. तिसऱ्या ट्रेलरलाही. सहाव्या ट्रेलरखाली मी ती खूण बोटाने पुसायचा प्रयत्न केला. धुळीखाली ती जुनी, घट्ट झाली होती. अकरा नंबरखाली, त्या घाटात, मी दोन्ही जोडांच्या मधली जागा चांगली बघितली होती. तिथे काही नव्हतं.

सातव्या ट्रेलरकडे जाताना गाडीत मी विचारलं, "चाचा, तेलखडू कुणाचा?"

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"तुमच्या आधी मी जात होतो खाली," ते म्हणाले. "सकाळी, तुम्ही यायच्या आत. सगळं बघून खूण करायचो."

"कधीपासून?"

"तुम्ही लागला त्या महिन्यापासून."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळायला काय." "ट्रेलरखालनं आलेल्या माणसाची पाठ बघावी. तुमची पाठ कधी मळलीच नाही."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी म्हणाले, "बोलला का नाही? एकदा तरी?"

"बोललो असतो तर तुम्ही त्या दिवशीच गेला असता. बाकी सगळं तर चोख बघत होता तुम्ही. मी म्हटलं, भीती आहे, जाईल हळूहळू. नाही गेली तरी आपण आहोत." त्यांनी गिअर बदलला. "पण भिंत पडली, निरोप आला, तसाच निघालो. जाताना तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, की मॅडम, हे चार दिवस मी नाही. नाही सांगितलं. तेवढी चूक माझी."

गाडी थांबली. सातव्या ट्रेलरचा मालक दारातच उभा होता. चाचा त्याच्याशी बोलायला गेले, आणि मी मागून गोणपाट काढून जमिनीवर अंथरलं.